निसर्गफेरीला येणारी माणसे संवर्धनाच्या कामात कशी टिकवावीत?

तळ्याकाठी यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या वस्तीला लागून एक जुने तळे आहे. त्याच्या एका काठाला दाट झाडोरा आहे आणि दुसऱ्या काठावरून रहदारीचा रस्ता जातो. तीन वर्षांपूर्वी आम्ही काही जणांनी मिळून दर महिन्याला एक निसर्गफेरी सुरू केली. परिसरात कोणते पक्षी, फुलपाखरे, बेडूक आणि साप आढळतात हे लोकांना समजावे, आणि समजले की ते त्यांना जपतील, असा आमचा सरळ हिशेब होता. पहिल्या काही महिन्यांत चांगली गर्दी होत असे. आता तेच सात-आठ चेहरे दिसतात आणि बाकीचे एकदा येऊन, छायाचित्रे काढून पुन्हा फिरकत नाहीत.

दोन घटनांमुळे मी अस्वस्थ आहे. गेल्या वर्षी ऐन विणीच्या हंगामात काठावरची झुडपे सफाईच्या कामात तोडली गेली. तेथे घरटी असल्याचे आम्हाला ठाऊक होते, परंतु ती नेमकी कोठे, किती आणि कोणत्या पक्ष्यांची आहेत याची एकही लेखी नोंद आमच्यापाशी नव्हती, त्यामुळे काम थांबवण्याची विनंती करताना हातात दाखवण्यासारखे काहीच नव्हते. दुसरी घटना आमच्याच गटातली आहे. एका सदस्याने घुबडाच्या ढोलीचे छायाचित्र जागेच्या तपशिलासह सर्वत्र पाठवले, पुढचे आठ-दहा दिवस तेथे माणसांची रीघ लागली आणि त्या जोडीने ती ढोल सोडली. ज्या प्राण्यांविषयी प्रेम वाटावे म्हणून कार्यक्रम सुरू केला, त्यांनाच आमच्या कार्यक्रमामुळे उपद्रव झाला, ही गोष्ट मनातून जात नाही.

आमच्याकडे प्रजातींची एक लांबलचक यादी तयार आहे. मात्र तळ्यातले बेडूक वाढले की घटले, असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर त्या यादीतून मिळत नाही. अशा परिस्थितीत आम्ही नेमके काय करावे? फेऱ्या चालू ठेवाव्यात की त्यांचे स्वरूपच बदलावे? अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

नोंदवही यांचे उत्तर

तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या शेवटच्या परिच्छेदातच दडलेले आहे. यादी आणि गणना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यादी केवळ ‘येथे काय दिसले’ एवढेच सांगते, तर ‘काय बदलले’ हे गणनेतून कळते. आणि संरक्षणासाठी कोणाकडे दाद मागायची असेल तर हे दुसरेच उत्तर उपयोगी पडते. म्हणून माझा पहिला सल्ला असा की प्रजातींची संख्या वाढवण्याचा नाद सोडून तीन-चार जीव निवडावेत आणि त्यांची मोजणी त्याच जागी, त्याच वेळी, त्याच पद्धतीने वर्षानुवर्षे करीत राहावे.

ब्रिटनमध्ये 1976 पासून चालू असलेली फुलपाखरांची गणना या दृष्टीने समजून घेण्यासारखी आहे. निरीक्षक एक ठरावीक मार्ग आखून घेतो आणि एप्रिल ते सप्टेंबर या काळात दर आठवड्याला त्याच मार्गावरून एकसारख्या चालीने जातो. डावी-उजवीकडे प्रत्येकी अडीच मीटर आणि समोर पाच मीटर एवढ्या काल्पनिक चौकटीत आलेली फुलपाखरेच तो मोजतो. चौकटीबाहेर कितीही दुर्मीळ फुलपाखरू उडत असले तरी ते मोजणीत धरले जात नाही. हवा फार थंड किंवा वादळी असेल तर त्या दिवशी गणना होत नाही. नवख्या माणसाला हे नियम जाचक वाटतात, परंतु या शिस्तीमुळेच एका वर्षाचा आकडा दुसऱ्या वर्षाच्या आकड्याशेजारी ठेवता येतो.

याच देशात 1979 पासून जानेवारीच्या अखेरीस होणारी बागेतल्या पक्ष्यांची गणना तर मुलांसाठी सुरू झाली होती. तिचा नियम लहान मुलालाही पाळता येईल इतका सोपा आहे: एक तास बसायचे आणि प्रत्येक प्रजातीचे एकाच वेळी जास्तीत जास्त किती पक्षी दिसले तेवढेच लिहायचे. एकच चिमणी दहा वेळा येऊन गेली तर ती दहा चिमण्या ठरू नये, एवढी काळजी त्या एका नियमाने घेतली जाते. तुमच्या वस्तीतल्या, तळ्यापर्यंत येऊ न शकणाऱ्या वृद्ध मंडळींनाही खिडकीत बसून हे काम करता येईल.

आता जर्मनीतल्या क्रेफेल्ड शहराचे उदाहरण सांगतो, कारण माझ्या मते हौशी माणसांच्या चिकाटीचा याहून मोठा पुरावा नाही. तेथे 1905 मध्ये स्थापन झालेली, बहुतांशी हौशी अभ्यासकांची कीटकमंडळी आहे. या मंडळींनी 1989 ते 2016 या काळात एकाच बनावटीचे, तंबूच्या आकाराचे सापळे वापरून 63 संरक्षित ठिकाणी उडणारे कीटक गोळा केले, मद्यार्कात जपून ठेवले आणि त्यांचे वजन केले. हा सगळा हिशेब 2017 मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा 27 वर्षांत उडणाऱ्या कीटकांचे एकूण वजन 75 टक्क्यांहून अधिक घटल्याचे जगाला कळले. ही घट संरक्षित क्षेत्रांमधली होती आणि ती डोळ्यांना जाणवलीही नव्हती. सापळ्याची बनावट मध्येच बदलली असती, किंवा कीटक ओळखून फेकून दिले असते, तर हा निष्कर्ष कधीच निघाला नसता.

तुमच्या तळ्यासाठी मी पावसाळी रात्री ओरडणाऱ्या बेडकांचे आवाज, काठावरची घरटी आणि दिवसा दिसणारे चतुर, एवढे तीन विषय सुचवीन. बेडूक न पाहता आवाजावरून मोजता येतात आणि त्यामुळे त्यांना त्रासही होत नाही. घरट्यांसाठी काठाचे खुंटीने ठरवलेले भाग करून दर पंधरवड्याला कोणत्या भागात वीण चालू आहे, एवढेच दुरून पाहून लिहावे. झुडपे तोडण्यापूर्वी दाखवायचा कागद तो हाच. आणि काही दिसले नाही तर ‘शून्य’ लिहायला विसरू नये. रिकामा रकाना आणि शून्य यांत फार मोठे अंतर आहे, कारण रिकाम्या रकान्यावरून तुम्ही पाहिले नाही, की पाहूनही काही आढळले नाही, हे दहा वर्षांनंतर कोणीही सांगू शकणार नाही.

सुगरण यांचे उत्तर

नोंदवही यांनी सांगितलेली शिस्त मला पूर्णपणे मान्य आहे, तरीही मी क्रम उलटा लावीन. तुमची झुडपे नोंद नसल्यामुळे तुटली असे तुम्हाला वाटते. मला असे वाटते की ती तोडणाऱ्या माणसांना तुम्ही त्यापूर्वी कधी भेटलाच नव्हता. तळ्यावर रोज कोण येते, हा प्रश्न तुमच्या लेखनात कोठेच नाही. सफाई करणारे, मासे धरणारे, गुरे पाण्यावर आणणारे, पहाटे फिरायला येणारे, काठावर दुकान किंवा घर असणारे या सगळ्यांचा त्या जागेशी महिन्यातून एकदा येणाऱ्या तुमच्या गटापेक्षा अधिक संबंध आहे. वन्यजीव त्यांच्या अंगणात राहतात आणि त्यांचा त्रासही त्यांनाच होतो. कार्यक्रम त्यांचा झाला नाही तर उत्तम नोंदींची वही कपाटात राहील आणि काठ उजाड होईल.

आसाममधल्या हरगिल्याची, म्हणजे मोठ्या क्षत्रबलाकाची, गोष्ट या संदर्भात फार बोलकी आहे. हा अवाढव्य करकोचा मेलेली जनावरे आणि उकिरड्यावरची घाण खातो आणि गावातल्या खासगी झाडांवर वसाहतीने घरटी बांधतो. त्याची विष्ठा आणि सडके मांसाचे तुकडे खाली अंगणात पडत असल्यामुळे लोक त्याला अपशकुनी मानत आणि झाडेच तोडून टाकत. अभ्यासक पूर्णिमा देवी बर्मन यांनी 2007 मध्ये असे एक झाड तुटताना आणि पिल्ले खाली पडताना पाहिली, तेव्हा झाडाच्या मालकाला जाब विचारल्यावर त्यांच्या वाट्याला लोकांचा उपहासच आला. पक्ष्याचे शास्त्र सांगून काम होणार नाही हे त्यांना तेथेच उमगले. पुढे त्यांनी दादरा, पचरिया या गावांतल्या स्त्रियांना सोबत घेतले, घरट्यांच्या काळात पक्ष्याचे डोहाळजेवण करण्याचा सोहळा सुरू केला, हरगिल्याची नक्षी असलेले कापड विणण्यासाठी माग आणि सूत मिळवून दिले आणि झाडमालकांचा जाहीर सन्मान केला. ‘हरगिला सेना’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या फळीत आज हजारो स्त्रिया आहेत, आणि 2023 मध्ये या पक्ष्याला आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत ‘संकटग्रस्त’ या वर्गातून ‘संकटसमीप’ या वर्गात आणले गेले. ज्या अंगणात घाण पडत होती त्या अंगणाच्या मालकिणीलाच पक्ष्याची राखणदार केले, यात या कामाचे सारे मर्म आहे.

नागालँडमधल्या पांगती गावाचेही असेच आहे. दोयांग जलाशयाजवळ थव्यांनी उतरणाऱ्या अमूर ससाण्यांची जाळी लावून होणारी प्रचंड शिकार 2012 मध्ये जगापुढे आली. पुढच्याच वर्षी, 2013 मध्ये, गावच्या परिषदांनी स्वतः बंदी घातली आणि त्या हंगामात शिकार थांबली. त्याच नोव्हेंबरमध्ये तीन ससाण्यांना उपग्रह-यंत्रे बसवली गेली आणि त्यांना ‘नागा’, ‘वोखा’ आणि ‘पांगती’ अशी नावे दिली गेली. आपल्या गावाच्या नावाचा पक्षी समुद्र ओलांडून आफ्रिकेत पोहोचला हे ऐकताना त्या गावाला काय वाटले असेल, याचा विचार केला की व्याख्यानापेक्षा ही एक गोष्ट किती दूरवर जाते ते समजते.

नोंदींविषयी मात्र एक गोष्ट नामिबियाकडून शिकावी. तेथे 1996 च्या कायद्याने स्थानिक समुदायांना आपल्या भूभागातल्या वन्यजीवांच्या व्यवस्थापनाचा आणि त्यापासून होणाऱ्या उत्पन्नाचा हक्क मिळाला. त्याआधी, 1980 च्या दशकाच्या सुरुवातीलाच, वायव्य भागात गावप्रमुखांनी निवडलेली स्थानिक माणसे रक्षक म्हणून नेमली गेली होती आणि त्यांतल्या अनेकांना शिकारीतूनच जनावरांची पारख आलेली होती. तेथील रक्षक एका छोट्या पुस्तिकेत रोजच्या घटना टिपतात, वर्षअखेरीस स्वतःच त्यांचे तक्ते भरून भिंतीवर लावतात, आणि मूळ पुस्तिका समुदायाकडेच राहते. माहिती गोळा करून ती दूरच्या कार्यालयात पाठवून दिली की गोळा करणाऱ्याला तिचे काही वाटेनासे होते. तुमच्या बेडकांचे आकडे तळ्याकाठी, सगळ्यांना दिसेल अशा फळ्यावर लावा आणि ते लिहिण्याचे काम रोज तेथे येणाऱ्या एखाद्या माणसाकडे सोपवा.

रातवा यांचे उत्तर

मी फक्त घुबडाच्या घटनेविषयी लिहितो, कारण ती चूक फार जणांकडून होते आणि तिची भरपाई नसते.

घरटे, ढोल, बीळ आणि विणीची जागा या गोष्टी कार्यक्रमाच्या पहिल्या दिवसापासून गोपनीय मानाव्यात. इंडोनेशियातल्या रोटी बेटावरच्या लांब मानेच्या कासवाचे शास्त्रीय वर्णन 1994 मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते कासव पाळीव प्राण्यांच्या व्यापारासाठी इतक्या वेगाने पकडले गेले की थोड्याच वर्षांत ते बेटावरून जवळजवळ नाहीसे झाले. जगाला त्याचे नाव आणि ठिकाण एकाच वेळी कळणे हेच त्याच्या मुळावर आले. आय-नॅचरलिस्टसारखे अ‍ॅप संकटग्रस्त प्रजातींचे अचूक ठिकाण आपोआप धूसर करते आणि ई-बर्डवरही संवेदनशील पक्ष्यांच्या नोंदींचा तपशील झाकला जातो, पण तुमच्या संदेशगटाला असा पडदा नाही. तो तुम्हालाच घालावा लागेल. शिवाय दुर्मीळ नसलेल्या प्राण्याचे घरटे या आपोआप होणाऱ्या व्यवस्थेत येत नाही, म्हणून तशी नोंद करताना ठिकाण लपवण्याचा पर्याय स्वतः निवडावा.

ध्वनिमुद्रित आवाज लावून पक्ष्याला बाहेर बोलावणे विणीच्या काळात पूर्णपणे बंद ठेवा. परका नर हद्दीत शिरला असे समजून पक्षी घरटे सोडून धावतो आणि तेवढ्या वेळात अंडी उघडी पडतात.

पाणमांजर यांचे उत्तर

माणसे का टिकत नाहीत, या मूळ प्रश्नाला अजून कोणी थेट हात घातलेला नाही. माझा अनुभव असा की तिसऱ्या फेरीनंतर माणसाला ऐकण्याचा कंटाळा येतो, मात्र काही तरी करण्याचा कंटाळा सहसा येत नाही. फेरीत एक जण बोलतो आणि तीस जण ऐकतात. त्या तिसांपैकी कोणी आला नाही तरी फेरीचे काही अडत नाही, आणि ज्याच्यावाचून काही अडत नाही तो माणूस यथावकाश येणे थांबवतो.

अमेरिकेत नाताळच्या दिवशी गट पाडून दिसेल तो पक्षी मारण्याची एक स्पर्धा असे. फ्रँक चॅपमन या पक्षितज्ज्ञाने 1900 मध्ये त्याच दिवशी पक्षी मारण्याऐवजी मोजण्याची कल्पना मांडली. त्या पहिल्या वर्षी 25 ठिकाणी मिळून अवघे 27 जण सहभागी झाले. चॅपमन यांनी लोकांचा उत्साह, गटांमधली चुरस आणि दिवसभराची भटकंती तशीच ठेवली आणि बंदुकीची जागा वहीला दिली. ती गणना आजही चालू आहे. तुमच्या सभासदांना छायाचित्रे काढायला आवडत असेल तर तो आनंद हिरावून घेऊ नका. काठाच्या प्रत्येक खुंटीपासून दर महिन्याला एकाच दिशेने एक छायाचित्र काढण्याचे काम त्यांना द्या, म्हणजे झाडोऱ्याचा बदल आपोआप नोंदला जाईल.

तुमच्या वर्णनातला रहदारीचा रस्ता मला विशेष महत्त्वाचा वाटतो. ब्रिटनमध्ये वसंतातल्या ओल्या रात्री भेक, म्हणजे खरखरीत कातडीचे बेडूक, विणीसाठी तळ्याकडे निघतात तेव्हा स्वयंसेवक रस्त्यावर गस्त घालतात, त्यांना बादल्यांत उचलून पलीकडे सोडतात आणि किती जिवंत, किती चिरडलेले, हेही लिहितात. या साध्या नोंदींच्या आधारे 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून तेथील सामान्य भेकांची संख्या तीस वर्षांत सरासरी 68 टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. येथे मदत आणि मोजणी ही एकच कृती आहे. कोणा शाळकरी मुलाने अशा रात्री स्वतःच्या हाताने एक जरी प्राणी रस्ता ओलांडून दिला, तर त्याला बेडकाविषयी वेगळे काही शिकवावे लागत नाही. पहिल्या पावसानंतरच्या काही रात्री तुमच्या रस्त्यावर काय घडते, हे आधी सुरक्षित अंतरावरून पाहून घ्या.

तळ्याकाठी यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सुगरण यांचे उत्तर वाचून मी आज सकाळीच सफाईच्या कामावर देखरेख करणाऱ्या गृहस्थांना भेटलो. झुडपे कोणत्या महिन्यांत तोडली तर चालतील, असे त्यांनीच मला विचारले आणि गेल्या तीन वर्षांत त्यांना हे कोणी सांगितलेच नव्हते, असेही ते म्हणाले. पाणकोंबडीची घरटी नेमकी कोठे असतात हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. काठाच्या भागांची वही त्यांच्याकडेच ठेवावी, असे मी ठरवले आहे.

मासिक फेरी आता तीन महिन्यांतून एकदाच, नव्या लोकांसाठी घेऊ. उरलेल्या महिन्यांत खुंटीवरची छायाचित्रे, चतुरांची गणना आणि पावसाळ्यात बेडकांचे आवाज एवढेच काम राहील. घरट्यांच्या जागा संदेशगटावर लिहायच्या नाहीत, असा नियमही करीत आहोत. रस्त्यावरच्या गस्तीबद्दल मात्र धाकधूक आहे. मुलांना रात्री नेताना आणि बेडूक हाताळताना कोणती काळजी घ्यावी?

पाणमांजर यांचे उत्तर

प्रत्येक मुलासोबत पालक हवा, अंगावर चमकणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट आणि हातात विजेरी हवी, आणि वाहनांचा वेग जास्त असेल तेथे मुलांनी रस्त्यावर उतरू नये. त्यांनी कडेला थांबून नोंद करावी. बेडकांची त्वचा श्वास घेते आणि हातावरचे रसायन शोषून घेते, म्हणून हाताला मलम, अत्तर किंवा डास पळवणारे औषध लावलेले नसावे. हात किंवा हातमोजे स्वच्छ पाण्याने ओले करूनच प्राणी उचलावा आणि तो ज्या दिशेने निघाला होता त्याच दिशेला सोडावा. भेकांच्या डोळ्यांमागच्या ग्रंथींतून विषारी स्राव येतो, त्यामुळे काम संपल्यावर हात धुतल्याशिवाय डोळ्यांना किंवा तोंडाला लावू नयेत.

एका तळ्यावरून दुसऱ्या तळ्यावर जाणार असाल तर बूट, बादल्या आणि जाळी आधी घासून, निर्जंतुक करून, पूर्ण वाळवून घ्या. उभयचरांच्या अनेक प्रजाती ज्या चिट्रिड बुरशीने जगभर नष्ट केल्या, ती ओल्या चिखलातूनही पसरते. रात्री दिसणाऱ्या सापांना मात्र कोणीही हात लावू नये. थांबून त्यांना वाट द्यावी आणि वेळ लिहून ठेवावी. पहिल्या वर्षी चार-पाच प्रौढांनीच गस्त घालून पाहा. बेडूक नेमके कोणत्या पन्नास-शंभर मीटरच्या पट्ट्यात रस्ता ओलांडतात हे त्या नोंदींतून निघाले, की मुलांना कोठे उभे करायचे हे ठरवता येईल आणि रस्त्याखालून भुयारी वाट मागण्याचा अर्जही त्याच आकड्यांवर लिहिता येईल.